डाव्या कोपऱ्यातलं विमान

“चहा ठेवू का?” मी विचारलं, आणि फोनमधलं डावं विमान दोनदा हललं.

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते. फोन ओट्यावर, साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला. सकाळचे नऊ वाजले असतील. मुलगा मिलिंद रेल्वेत आहे, तो ड्युटीवर गेलेला. सून बाजारात. नात प्रज्ञा जळगावला दवाखान्यात नर्स आहे, ती सकाळच्याच गाडीने गेलेली. घरात मी एकटी. फोनला कुणाचं बोट लागलेलं नाही... आणि विमान हललं. आधी थोडंसं, मग जास्त. पहिला हेलकावा लहान, दुसरा मोठा.

तो हेलकावा मी सत्तावीस वर्षांनी पाहत होते. मी तिथेच खाली बसले. कणकेचे हात लुगड्याला लागले तेही नंतर कळलं.

फोनवरच्या या गटात लोक आपापले अनुभव लिहितात, प्रज्ञा मला वाचून दाखवते. मी निम्म्यावर हसते. आमच्या घरात भूत, अंगारा, देवऋषी काही चालत नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते सगळं गाठोडं बांधून तापीत सोडलं, असं माझे वडील सांगायचे. मीही तशीच आहे. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे, फुगवून लिहिता येत नाही. वहीत लिहिलं, प्रज्ञाने टाइप केलं. तिला सांगितलंय, पोरी, माझं वाक्य सुधारायचं नाही.

मिलिंदचे वडील सुदामभाऊ. धुळ्याला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा व्हिडिओ गेमचा धंदा होता. पत्र्याचं शेड, आत तीन डबे. डबा म्हणजे ते कपाटाएवढं मशीन — वर काच, खाली दांडा आणि बटणं. नाणं टाकायचं आणि खेळायचं. शेडच्या तोंडाशी माझा स्टोव्ह, चहाचा. त्यांचे डबे आणि माझा चहा, दोन्हींवर घर चालायचं. चहावर जास्त चालायचं, हे ते कधी कबूल करायचे नाहीत.

तीन डब्यांतला एक विमानांचा. खाली आपलं विमान, वरून रांगेने शत्रूची विमानं येतात, ती पाडायची. दोघांनाही खेळता येई — एक डावीकडे, एक उजवीकडे. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी पहिला खेळ ते स्वतः खेळायचे. भवानी म्हणून. पण पहिल्या फेरीत एक गोळी मारायचे नाहीत. विमान डाव्या कोपऱ्यात नेऊन उभं करायचे. कोपऱ्यात शत्रूची गोळी पोचत नाही, हे त्यांनी शोधून काढलेलं. वरची विमानं येऊन येऊन कंटाळून निघून जायची.

ते धुळ्याकडचे, घरात अहिराणी. मी एकदा विचारलं, “हे काय खेळणं झालं?”

“पंचशील म्हनीसन उनू,” म्हणाले, “उनाबरोबर गोया काय मारू?”

म्हणजे जीव मारणार नाही असं पंचशीलात म्हणून आलोय, आल्या आल्या गोळ्या कशा मारू.

“मग गोळ्यांचं दुकान कशाला काढलं? विहार काढायचा होता.”

“दुसरी फेरीपासून धंदा शे,” ते म्हणाले. आणि दुसऱ्या फेरीपासून जे सुटायचे... एक विमान जिवंत जात नसे.

त्या पहिल्या फेरीच्या वेळी मी स्टोव्ह पेटवायची आणि विचारायची, चहा ठेवू का? रोज. ठेवायचाच असायचा, तरी विचारायची. त्यांची मान काचेवरून हलत नसे, तोंड तर सकाळी उघडतच नसे. ते दांडा हलवायचे. विमान दोनदा हललं म्हणजे हो. एकदा हललं म्हणजे नाही. नाही फार कमी वेळा. आणि उत्तर द्यायचं नसलं — आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं — की विमान कोपऱ्यात गप्प उभं. स्टोव्हपाशी बसून मला काच सरळ दिसायची. मला उत्तर कळायचं.

त्या डब्याचा दांडा झिजलेला होता. डावीकडे ओढायचा. त्यामुळे पहिला हेलकावा लहान व्हायचा आणि दुसरा मोठा. दुसऱ्या कुणाच्या हातात तो दांडा तसा चालायचा नाही, गिऱ्हाइकं शिव्या घालायची. त्यांचा हात त्याला बसलेला.

मग घरोघर टीव्हीला लावायचे गेम आले आणि धंदा बसला. त्यात विमानांचा डबा बंद पडला. आतला बोर्ड जळाला. सुरतेला एक मिस्त्री दुरुस्त करतो असं कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, नका जाऊ, डबा भंगारात द्या. ते ऐकेनात. दोन दिवस तेच चाललं. शेवटी मी बोलले, “डबा विका, नाहीतर डब्यासंगं तुम्हीही जा.”

बोलले ते बोलले. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे लग्नाआधीही सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी बोर्ड टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि दुपारच्या सुरत गाडीत बसले. मी स्टोव्हपाशी होते. चहा ठेवू का, असं त्या दिवशी विचारलं नाही. ते परत आले नाहीत.

सुरतेचा मिस्त्री म्हणाला, असा माणूस माझ्याकडे आलाच नाही. मी दोनदा सुरतेला गेले, मिलिंद चारदा. पोलिसात हरवल्याची नोंद केली. दवाखाने पाहिले, जिथं पाहू नये तिथंही पाहिलं. काही नाही. माणूस नाही, पिशवी नाही, बोर्ड नाही. पुढे मिलिंदला रेल्वेत नोकरी लागली आणि मी भुसावळला आले. डबे भंगारात गेले. स्टोव्ह तेवढा आणला.

रडत बसले नाही. त्यांच्या मागे पुण्यानुमोदनही केलं नाही. मेल्याचं कुणी सांगितलं नाही तर कसलं पुण्यानुमोदन? नातेवाईक म्हणाले, यशोदा, किती दिवस? मी म्हटलं, तुम्हाला काय घाई?

आता प्रज्ञाचं लग्न ठरलं. मुलगा बोदवडचा, शिक्षक. पत्रिका छापायची वेळ आली आणि गाडी अडली. आमच्यात जिवंत माणसाच्या नावापुढे ‘आयु.’ लिहितात, म्हणजे आयुष्मान. गेलेल्याच्या नावापुढे ‘कालकथित’. माझ्या नावापुढे नवरा असो नसो, आयुष्मतीच. ते एक आमच्यात बरं आहे. पण नातीच्या पत्रिकेत आजोबांचं नाव तर येणारच. त्याच्यापुढे काय?

मिलिंद कच्ची पत्रिका घेऊन माझ्यासमोर बसला. “आई, कालकथित लिहितोय.”

“कुणी सांगितलं तुला?”

“सत्तावीस वर्षं झाली.”

“वर्षं मलाही मोजता येतात. मेले असं कुणी सांगितलं?”

“आयु. लिहिलं तर व्याही विचारतील — आजोबा आहेत, मग कुठायत? काय सांगू?”

“नाव गाळून टाक.”

“बापाचं नाव गाळू?” तो एवढ्या मोठ्याने बोलला की सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग हळू आवाजात म्हणाला, “आई, मलाही लिहायला बरं वाटत नाही. पण कधीतरी लिहावंच लागेल ना. तू म्हणशील ते लिहितो. सोमवारी अकरापर्यंत सांग, जळगावला छापायला टाकायचीय.”

म्हणजे माझ्यावर आलं. माझ्या एका शब्दाने नवरा मरणार होता. चार दिवस माझा डोळा लागला नाही.

त्याच चार दिवसांत प्रज्ञाने माझ्या फोनवर तो गेम टाकला. “आजी, हे बघ, जुन्या डब्यासारखा मुद्दाम बनवलाय. तुझ्या गोष्टीतला.” विमानं तशीच, ठोकळ्या ठोकळ्यांची. आवाजही तसाच, पत्र्यावर ज्वारी सांडावी तसा. मी चष्मा लावून आधी गेमखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचायला घेतलं. कुठलीही वस्तू घेण्याआधी मी चार माणसांना विचारते, इथं माणसं आधीच लिहून बसलेली. मराठी मी वाचायची, बाकीचं प्रज्ञा सांगायची.

एकाने लिहिलेलं, चित्रं जुनाट आहेत, एक तारा. अरे बाबा, जुन्यासारखा गेम म्हणून वरतीच लिहिलंय की. एकाचं म्हणणं, बटण लहान आहे, बोट चुकतं. बोट बघ आधी आपलं. एकजण रडत होता, तिसऱ्या फेरीचा मोठा शत्रू मरतच नाही, फसवणूक आहे. मरतो. मधल्या दिव्यावर मारायचं. आमच्याकडे दुसरीतली पोरं मारायची. आणि एकाने लिहिलेलं — हा आवाज ऐकला आणि स्टँडमागची गल्ली आठवली, भज्यांचा वास आला, पाच तारे. गाव लिहिलं नव्हतं. कुठल्याही गावाला स्टँडमागे गल्ली असते. तरी ते मी दोनदा वाचलं.

मग हे वाचलं. जसं होतं तसं लिहिते —

“दोघांचा गेम लावला. दुसरा खेळाडू नव्हता. तरी डावं विमान आपोआप कोपऱ्यात गेलं आणि तिथंच उभं राहिलं. एकही गोळी मारत नाही. पहिली फेरी संपली की जातं. दुरुस्त करा. एक तारा.”

त्याखाली गेम बनवणाऱ्यांचं उत्तर होतं: आमच्या गेममध्ये दुसरं विमान माणसाने चालवल्याशिवाय हलत नाही, तुमचा फोन तपासा. त्याखाली आणखी एकजण: माझ्याकडेही तसंच, पण फक्त सकाळी. आणि एक बाई, नावावरून बाईच — “मला त्याची सोबत वाटते. राहू द्या. पाच तारे.”

प्रज्ञा म्हणाली, “बग असेल, आजी.”

“म्हणजे?”

“बनवताना राहिलेली चूक.”

आमच्या माणसाची खोड दुसऱ्या कुणाची चूक म्हणून कशी निघेल, एवढंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, सगळे गेल्यावर मी दोघांचा खेळ लावला. उजवं विमान माझं. धुळ्याला कधी गिऱ्हाईक नसलं की मी उजवीकडेच उभी राहायची. माझं विमान उजव्या कोपऱ्यात सरकवलं, फोन टेकवला आणि कणीक मळायला घेतली. खरं सांगते, वाट बघत नव्हते. चपात्या करायच्या होत्या. मान वर केली तर डावं विमान सरकत सरकत कोपऱ्यात जाऊन उभं. वरून गोळ्या पडतायत, हे शांत. आणि माझ्या तोंडातून सवयीने गेलं, “चहा ठेवू का?”

पुढचं वर लिहिलंय.

मी हात धुतले आणि चहा ठेवला. दोन कप. दुसरं काय करणार होते?

रविवारी घर माणसांनी भरलेलं होतं, यादी चाललेली, गेम लावला नाही. कुणाला बोलले नाही. सोमवारी प्रज्ञाला सुट्टी होती. मिलिंद अंघोळीला गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

“काय गं आजी, दागिन्यांचं आहे का?”

“तुझ्या आज्याचं आहे. बस. हात मांडीवर ठेव, फोनला लावू नको.”

खेळ लावला. माझं विमान उजवीकडे. फोन साखरेच्या डब्याला टेकवला, मीही हात मागे घेतले. डावं विमान कोपऱ्यात गेलं.

“हा तोच बग,” प्रज्ञा म्हणाली.

“गप बस. — अहो, चहा ठेवू का?”

दोनदा हललं. पहिला लहान, दुसरा मोठा.

प्रज्ञा हसली. मग हसू तसंच राहिलं तोंडावर. “परत विचार,” ती म्हणाली.

“बिनसाखरेचा ठेवू?”

एकदा हललं. नाही. तेही बरोबर. साखर कमी पडली तर कप तसाच ठेवून द्यायचे.

प्रज्ञाने माझा दंड धरला. तिने तिच्या आजोबांना पाहिलेलं नाही, फोटोही एकच आहे. पुढे वाकून लहान मुलीसारखं बोलली, “आबा, मी प्रज्ञा. माझं लग्न आहे. येणार?”

विमान जागेवर.

“मी विचारते,” मी म्हटलं. पहिली फेरी संपत आली होती, वरच्या रांगेतली दोन-चारच विमानं राहिलेली. माझ्याकडे तेवढाच वेळ होता. सत्तावीस वर्षांत काय काय विचारायचं ठरवून ठेवलेलं — कुठे गेलात, कुणी मारलं की तुम्हीच गेलात, दुसरं घर केलं का, माझ्या बोलण्याचा राग आला का. त्यातलं एकही वर आलं नाही. मी विचारलं, “पत्रिकेत तुमच्या नावापुढे काय छापायचं? कालकथित छापू?”

उभं.

“जिवंत आहात का?”

उभं. कोपऱ्यात, नाक वर करून. भांडणानंतर राहायचं तसं.

“त्या दिवशी बोलले ते रागाने बोलले,” मी म्हटलं. हे मी आजवर कुणासमोर बोलले नव्हते, आणि नात शेजारी बसलेली. “डब्यासंगं जा म्हटलं, ते जायला सांगितलं नव्हतं.”

शेवटचं शत्रूचं विमान खाली निघून गेलं. फेरी संपली. डावं विमान हललं नाही, उत्तर दिलं नाही, पण लगेच गेलंही नाही. पडद्यावर दुसरी फेरी लिहून आलं तरी थोडा वेळ तिथंच होतं. मग नाहीसं झालं. दुसऱ्या फेरीत माझं विमान एकटंच, पहिल्याच गोळीला पडलं.

मिलिंद डोकं पुसत बाहेर आला. “आई, काय ठरलं? अकराची गाडी आहे.”

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “आयु. लिही.”

“आई—”

“ज्या माणसाला अजून चहा लागतो त्याला मी कालकथित छापणार नाही.”

त्याला काही कळलं नाही. तो प्रज्ञाकडे वळला. ती म्हणाली, “पप्पा, आजी म्हणते तसंच लिहा. पत्रिका माझी आहे ना?” आणि उठून बाहेर गेली. न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ होती.

पत्रिका आयु. सुदाम म्हणून छापली. लग्न झालं, चांगलं झालं. बोदवडच्या एका म्हातारीने मांडवात मला गाठलंच. “अक्का, पत्रिकेत नाव हाये, आबा दिसले नाहीत कुठं?”

“मलाही सत्तावीस वर्षं दिसले नाहीत,” मी म्हटलं. “तुम्हाला दिसले तर सांगा.” ती जेवायला निघून गेली.

लग्नानंतर मी त्या गेमखाली माझंही मत लिहिलं. प्रज्ञाने शिकवलं, पण बोट माझं. लिहिलं — “पाच तारे. आवाज बरोबर आहे. तिसऱ्या फेरीचा शत्रू मरतो, मधल्या दिव्यावर मारा. डाव्या कोपऱ्यातलं विमान काढू नका.” दोन दिवसांनी उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आमच्या गेममध्ये असं विमान नाही. पंधरा दिवसांनी गेमची नवी आवृत्ती आली, फोनने आपली आपण घेतली. त्यानंतर डावं विमान येत नाही. दोघांचा खेळ लावला तर सुरुवातीला जिथं असतं तिथंच मधोमध उभं राहतं आणि पहिल्याच गोळीला पडतं. त्या बाकीच्या लोकांनीही नंतर काही लिहिलं नाही. सोबत वाटते म्हणणारी बाई कोण, कुठली, तिच्याकडे कोण येत होतं, हे विचारायची फार इच्छा होती. विचारायची सोय नाही.

प्रज्ञा आता बग म्हणत नाही. दुसरं काही म्हणतही नाही. तिच्या नवऱ्याला तिने सांगितलं, तो कॉम्प्युटरचं शिकवतो. तो म्हणाला, हेलकावा योगायोगाने होऊ शकतो. होऊ शकतो. पण नव्या फोनमधल्या विमानाला झिजलेला दांडा कुठून आला, ते त्यालाही सांगता आलं नाही. मलाही माहीत नाही. ते जिवंत आहेत की नाहीत, हेही त्यातून मला कळलं नाही. कुणाला काही सुचलं तर लिहा, पण शांती करा वगैरे लिहू नका.

रोज सकाळी मी दोघांचा खेळ लावते, माझं विमान उजव्या कोपऱ्यात नेते, कणकेत हात घालते आणि विचारते. विमान मधोमध उभं असतं, पडतं. मग दोन कप ठेवते. दुसराही मीच पिते, फेकायचा कशाला.

हे मला झालं. यशोदा सुदाम सुरवाडे, शिक्षण चौथी, आधी धुळे, आता भुसावळ. नवरा हरवलेला आहे.